मुदतीचा मुक्काम

फिलिपाइन्समधील व्यावसायिक बास्केटबॉलच्या संघांना गावांची नावे नसतात, धन्यांची असतात. एक संघ जिन गाळणाऱ्या कारखान्याचा, एक बिअरचा, एक टेलिफोन कंपनीचा, एक राजधानीला वीज पुरविणाऱ्या कंपनीचा, एक टोलरस्त्याचा; आणि काही वर्षांपूर्वी आपल्या मुंबईच्या महिंद्राचे नाव छातीवर लावलेला एक संघही तेथे होता, ज्याचा प्रशिक्षक आणि खेळाडू अशा दोन्ही हुद्द्यांवर जगप्रसिद्ध मुष्टियोद्धा मॅनी पॅकियाव काम करीत असे. ९ एप्रिल १९७५ रोजी मनिलात या स्पर्धेचा पहिला सामना झाला. अमेरिकेतील एनबीएच्या खालोखाल जगातील सर्वांत जुनी आणि आशियातील पहिलीच अशी ही व्यावसायिक संस्था ‘पीबीए’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिच्या प्रत्येक संघात, वर्षातल्या ठरावीक स्पर्धांपुरता, एक परदेशी मनुष्य कामावर रुजू होतो. तो बहुधा अमेरिकन असतो, त्याला सारे जण ‘इम्पोर्ट’ म्हणतात, आणि काही आठवडे किंवा फार तर काही महिने राहून तो परत जातो.

संपादकांनी या अंकासाठी ‘पोटासाठी परमुलखात’ हे सूत्र कळविले, तेव्हा परदेशी गेलेल्या आपल्या लोकांविषयी लिहिणारे पुष्कळ असतील हे जाणून मी या उलट्या दिशेच्या प्रवाशाकडे वळलो. श्रीमंत देशातून गरीब देशात रोजगारासाठी येणारा, ज्याच्या एका फेकीवर हजारो लोक जीव ओवाळून टाकतात आणि ज्याची नोकरी लागोपाठच्या दोन पराभवांनी संपुष्टात येऊ शकते, असा कामगार जगाच्या बाजारात विरळाच. त्याला कोण ठेवतो, कोण काढतो, त्याच्याकडून नेमके काय करून घेतले जाते, आणि इतक्या तुटपुंज्या मुदतीत त्याचे तेथे कोणी होते की नाही, हे प्रत्यक्ष पाहावे म्हणून मी मोसमाच्या दिवसांत मनिलास गेलो.

क्युबाओच्या घुमटाखाली

क्युबाओ हा क्वेझोन सिटीतला भाग म्हणजे बसगाड्यांचे थांबे, आगगाडीचे दोन मार्ग, बाजार आणि माणसे यांचा अखंड कल्लोळ. आणि त्याच्या मधोमध १९६० साली उभारलेले अरानेता कोलिसियम, ज्याच्या घुमटाचा व्यास १०८ मीटर असून ज्याखाली १९७५ च्या १ ऑक्टोबरला महंमद अली आणि जो फ्रेझर यांची ती अखेरची, दोघांनाही मरणाच्या दारापर्यंत नेणारी लढत झाली. बास्केटबॉलच्या संध्याकाळी येथे एकापाठोपाठ दोन सामने होतात. स्वस्त तिकिटांच्या वरच्या सज्ज्यात कुटुंबेच्या कुटुंबे येतात. आजीच्या मांडीवर नातू, नातवाच्या अंगात गुडघ्यापर्यंत लोंबणारी खेळाडूची बंडी, आणि हातात लसूण घालून तळलेल्या शेंगदाण्यांची पुडी. परिचयाच्या एका स्थानिक वार्ताहराच्या कृपेने मला खाली, खेळाडूंच्या बाकांजवळ जागा मिळाली, आणि म्हणून ज्या गोष्टीसाठी मी गेलो होतो ती मला हाताच्या अंतरावरून पाहता आली.

सामन्यापूर्वी संघातले स्थानिक खेळाडू थट्टामस्करी करीत चेंडू फेकत होते. इम्पोर्ट मात्र एका कोपऱ्यात उभा राहून एकाच जागेवरून, एकाच पद्धतीने, पाय उचलण्याची आणि मनगट मोडण्याची लकबही न बदलता फेकीमागून फेक करीत होता. घोट्यांवर पांढऱ्या पट्टीचे इतके वेढे होते की बुटाच्या कडा वर फुगल्या होत्या. खेळ सुरू झाल्यावर प्रशिक्षक निम्मे इंग्रजीत आणि निम्मे तागालोगमध्ये ओरडून सांगे, तेव्हा इतरांची मान क्षणात हाले आणि याची नजर सोबत्यांच्या पावलांकडे जाई, कारण कोण कोठे सरकतो यावरूनच त्याला अर्थ लावावा लागे. तीस गुण आणि डझनभर रिबाउंड ही त्याच्याकडून अपेक्षित असलेली किमान मजुरी होती. पीबीएचा सामना आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे चाळीस मिनिटांचा नसून अमेरिकेप्रमाणे अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो, आणि त्यातली बहुतेक मिनिटे इम्पोर्ट मैदानातच असतो. शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू प्रत्येक वेळी त्याच्याच हाती येणार हे प्रेक्षकांना ठाऊक होते, पंचांना ठाऊक होते, आणि प्रतिपक्षालाही ठाऊक असल्यामुळे त्याच्या अंगावर दोन-दोन जण घातलेले होते. तरीही चेंडू त्याच्याकडेच येत राहिला.

तो सामना त्याचा संघ हरला. नंतर आतल्या बोळात तो एका खुर्चीवर, दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीने करकचून बांधून घेऊन बसलेला दिसला; हातातल्या फोनवर एक लहान मुलगी त्याला आपली शाळेची चित्रे एकेक करून दाखवीत होती. मनिलात रात्रीचे दहा वाजले होते, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे दहा. बोळाच्या दुसऱ्या टोकाला वार्ताहरांच्या घोळक्यात त्याच्या जागी येणाऱ्या इसमाचे नाव चर्चिले जात होते. त्याला हे ठाऊक आहे काय, असे मी माझ्या परिचिताला विचारले. आपल्या आधी त्याच्या कानावर गेले असेल, असे त्याने सांगितले. आणि तो माणूस शेवटचे चित्र पाहून होईपर्यंत खुर्चीवरून हलला नाही.

उंचीची मोजदाद

पीबीएचे वर्ष तीन स्पर्धांत विभागलेले असते. पहिलीत परदेशी मनुष्य मुळीच नसतो. दुसरीत उंच इम्पोर्ट चालतो, ज्याची कमाल मर्यादा अलीकडच्या वर्षांत सहा फूट नऊ किंवा दहा इंचांच्या आसपास फिरत राहिली आहे. तिसऱ्या, गव्हर्नर्स कप नावाच्या स्पर्धेत ही मर्यादा कित्येक वर्षे सहा फूट पाच इंच होती, ती पुढे एका इंचाने वाढली. मोसमाच्या आरंभी प्रत्येक इम्पोर्टला अनवाणी उभे करून मोजतात, आणि बोटभर उंची अधिक भरल्यामुळे एकही सामना न खेळता ज्यांची रवानगी झाली अशांची उदाहरणे तेथे सांगितली जातात. अमेरिकेत बूट धरून वाढवून सांगितली जाणारी उंची मनिलाच्या दिशेने निघताना कमी करून सांगितली जाऊ लागते.

या नियमाचे कारण सरळ आहे. फिलिपिनो पुरुषाची सरासरी उंची साडेपाच फुटांच्याही आत. सात फुटांचा परदेशी उभा केला तर खेळ तेथेच संपेल, आणि स्थानिक उंच खेळाडूंच्या पोटावर पाय येईल तो निराळाच. पण या नियमाने नकळत एक विशिष्ट प्रकारचा मनुष्य हुडकून काढला. सव्वासहा ते साडेसहा फुटांचा, दणकट बांध्याचा, बास्केटखाली धक्काबुक्की करू शकणारा आणि बाहेरून फेकही करू शकणारा जो खेळाडू, तो अमेरिकेत दोन्हीकडून उणा ठरतो: आत खेळायला ठेंगणा आणि बाहेर खेळायला मंद. महाविद्यालयात नावाजलेला हा मुलगा एनबीएच्या निवडीत कोणाच्याच नजरेत भरत नाही. मनिलात मात्र त्याच्याकडून चेंडू आणविला जातो, फेकविला जातो, अडविला जातो, आणि प्रतिपक्षाच्या इम्पोर्टची राखणही त्याच्याच गळ्यात असते. स्वदेशात ज्या गुणांच्या मिश्रणाला नाव नव्हते, ते येथे त्याचे भांडवल होते.

करारनामा, दाखला, लवाद

एनबीएत तीस संघ असून प्रत्येकात पंधरा पक्क्या जागा असतात, म्हणजे साऱ्या जगात मिळून साडेचारशे. दर वर्षी निवडीत साठाच्या आसपास नावे पुकारली जातात. अमेरिकन महाविद्यालयांतून खेळलेले उरलेले जे हजारो तरुण, त्यांतले ज्यांना हा खेळ सोडवत नाही ते दलालाचा, म्हणजे एजंटाचा, हात धरून बाहेर पडतात. आणि स्पेन, इटली, तुर्कस्तान, इस्रायल, लेबनॉन, चीन, जपान, फिलिपाइन्स, पोर्तो रिको असा तो नकाशा आहे. मोसम निरनिराळ्या महिन्यांत येत असल्यामुळे हिवाळा एका देशात आणि उन्हाळा दुसऱ्या देशात काढणारे खेळाडू पुष्कळ. एजंटाला आंतरराष्ट्रीय संघटनेची, फिबाची, परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. खेळाडू देश बदलतो तेव्हा ज्या देशात तो शेवटचा खेळला तेथील संघटनेकडून ‘याच्यावर आमचा दावा नाही’ असा दाखला यावा लागतो. तो दाखला अडला की मनुष्य नव्या गावी पोहोचूनही बाकावर बसून राहतो.

करारनाम्यात बहुधा करमुक्त मासिक वेतन, राहण्यास सुसज्ज घर, विमानाची जाण्यायेण्याची तिकिटे आणि विजयांवरील बक्षिशी अशी कलमे असतात. खरे कलम पुढे असते: वेतनाची हमी किती महिन्यांची, आणि दुखापत झाली किंवा संघ हरू लागला तर धन्यास कोणत्या अटीवर काढता येते. युरोपातील चांगल्या संघात वर्षाची हमी मिळते. मनिलात संघाला स्पर्धेच्या मध्यावर इम्पोर्ट बदलता येतो, आणि एकाच स्पर्धेत तीन-तीन इम्पोर्ट वापरलेले संघ झाले आहेत.

वेतन थकविणे ही या व्यवसायातील जुनी व्याधी. दक्षिण आणि पूर्व युरोपातील कितीतरी क्लब मोसमाच्या शेवटी खेळाडूला रिकाम्या हाताने परत पाठवीत, आणि परक्या देशाच्या न्यायालयात, परक्या भाषेत, वर्षानुवर्षे खेटे घालण्याची ऐपत कोणाचीच नसे. यावर फिबाने २००७ पासून एक लवादमंडळ चालविले आहे, ज्याचे स्थान जिनिव्हा असून ज्याचे कामकाज इंग्रजीत, एकाच लवादासमोर, बहुधा कागदपत्रांवरच चालते. आणि कोणत्याही एका देशाच्या कायद्याला न जुंपता न्यायबुद्धीने फैसला करण्याची मुभा त्या लवादास असते. फैसला न मानणाऱ्या क्लबास नवे खेळाडू नोंदविता येत नाहीत. खेळाच्या संस्थांनी स्वतःहून केलेल्या सुधारणांत मी हिला फार वरचे स्थान देतो. कारण मजुराच्या हाती पडलेले हे असे हत्यार आहे की जे चालविण्यास वकिलांची फौज लागत नाही.

मात्र सर्व कायदा संस्थांच्या औदार्याने आलेला नाही. फिनलंडचा युरी लेहतोनेन हा खेळाडू १९९६ साली, आपल्या देशातला मोसम संपल्यावर, बेल्जियममधील एका क्लबाकडे गेला आणि युरोपीय खेळाडूंसाठी ठरलेली बदलीची तारीख उलटून गेली या कारणास्तव तो खेळलेले सामने क्लबाच्या अंगाशी आले. युरोपबाहेरच्या खेळाडूस मात्र त्याच नियमात महिनाभर अधिक सवलत होती. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले, आणि १३ एप्रिल २००० रोजी निकाल झाला की खेळाडू हाही कामगारच आहे, आणि सबळ कारणाशिवाय असा भेद त्याच्या संचारस्वातंत्र्याच्या आड येतो. लेहतोनेनला फार थोडे प्रेक्षक ओळखत असतील. पण युरोपात आज जो खेळाडू एका देशातून दुसऱ्यात जातो, तो त्याने रुंद केलेल्या वाटेने जातो.

आले आणि गेले

मनिलाच्या जुन्या प्रेक्षकाला इम्पोर्टची गोष्ट विचारली, की तो प्रथम बिली रे बेट्सचे नाव घेतो. मिसिसिपीतील वाटेकरी शेतमजुरांच्या घरातला हा मुलगा पोर्टलंडच्या संघातून एनबीएत चमकला, व्यसनापायी तेथून निखळला, आणि १९८३ साली क्रिस्पा संघात आला, ज्या वर्षी क्रिस्पाने तिन्ही स्पर्धा जिंकल्या. त्याच्या नावाचे बूट बाजारात आले. ‘ब्लॅक सुपरमॅन’ म्हणून रस्त्यारस्त्यांत त्याचा जयजयकार झाला. पुढे स्वदेशी परतल्यावर १९९८ साली एका पेट्रोलपंपावरील दरोड्यासाठी त्याला तुरुंगवास घडला. खेळ संपल्यानंतरच्या दिवसांची कोणतीही तरतूद या करारनाम्यांत नव्हती, आणि आजही बहुतेकांत नसते. मायकेल हॅकेटने १९८५ साली एका सामन्यात १०३ गुण केले. टोनी हॅरिसने १९९२ साली इलोइलोत १०५ केले, आणि तो उच्चांक अजून अबाधित आहे. या आकड्यांत मला पराक्रमापेक्षा भार अधिक दिसतो. नॉर्मन ब्लॅकसारखा एखादाच असा निघाला की जो इम्पोर्ट म्हणून आला, राहिला, आणि १९८९ साली प्रशिक्षक या नात्याने सान मिगेल या बिअरच्या संघाला वर्षाच्या तिन्ही स्पर्धा जिंकून देऊन गेला.

पण मला सर्वांत ओढ लागली ती बॉबी पार्क्सची. टेनेसीचा हा खेळाडू १९८४ साली अटलांटाच्या संघाने निवडीच्या तिसऱ्या फेरीत घेतला खरा, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही. १९८७ मध्ये तो मनिलास आला आणि पुढची दहा-बारा वर्षे येतच राहिला. स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट इम्पोर्टचा बहुमान त्याला सात वेळा मिळाला. त्याने तेथेच संसार थाटला. १९९३ साली मनिलाजवळ त्याचा मुलगा जन्मला. २०१३ मध्ये कर्करोगाने पार्क्स वारला तो मनिलातच, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. त्या बहुमानाला आज त्याचेच नाव आहे. दर मोसमाला येणाऱ्या प्रत्येक परदेशी मनुष्याची उमेद ज्या पारितोषिकावर असते, ते आपल्या मुदतीला न जुमानता तेथेच राहून गेलेल्या एका इम्पोर्टच्या नावाने दिले जाते.

टिफ्टनचा ब्राउनली

जस्टिन ब्राउनली हा जॉर्जिया राज्यातील टिफ्टन गावचा. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठातून खेळलेला, आणि २०११ च्या निवडीत नाव न पुकारले गेलेला. काही वर्षे त्याने अमेरिकेतील दुय्यम दर्जाच्या संघांतून अल्प वेतनावर काढली. २०१६ साली बारांगाय हिनेब्रा संघाचा नेमलेला इम्पोर्ट जायबंदी झाला आणि बदली म्हणून ब्राउनलीस बोलावणे गेले.

हिनेब्रा हा तोच जिनचा संघ, आणि फिलिपाइन्समधील गरिबांचा सर्वांत लाडका. त्याचा पूर्वीचा खेळाडू-प्रशिक्षक रॉबर्ट जावोर्स्की ओठाला टाके पडल्यावर पुन्हा मैदानात उतरला होता आणि पुढे देशाच्या सेनेटवर निवडून गेला, एवढे सांगितले म्हणजे त्या संघावरील भक्तीची कल्पना यावी. या संघाला आठ वर्षे विजेतेपद नव्हते. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात, मेराल्को या वीज कंपनीच्या संघाविरुद्ध गुण बरोबरीत असताना आणि घड्याळात क्षण उरले असताना, ब्राउनलीने मेराल्कोचा इम्पोर्ट ॲलन डरहम याच्या उगारलेल्या हातावरून तीन गुणांची फेक केली. शेवटचा भोंगा वाजत असताना चेंडू जाळीतून खाली आला. ९१-८८.

डरहमचीही आठवण येथे ठेवली पाहिजे. २०१६, २०१७ आणि २०१९ च्या अशा तीन स्पर्धांत सर्वोत्कृष्ट इम्पोर्टचा मान त्याचा होता, आणि तिन्ही वेळा अंतिम फेरीत तो ब्राउनलीच्या संघाकडून हरला. एकाच मापाचे, एकाच पेशाचे, एकाच मजुरीवर आलेले ते दोघे. त्यांच्यातले अंतर शेवटच्या काही फेकींचे होते. डरहम पुढे जपानला गेला आणि ओकिनावाच्या संघाकडून त्याने तेथील अजिंक्यपद मिळविले. ब्राउनली परत परत मनिलास येत राहिला.

त्याच्या यशाचे गमक त्याच्या गुणसंख्येत शोधू नये, असे मला तेथे त्याचा खेळ पाहून वाटले. बहुतेक इम्पोर्ट, नोकरी टिकवायची म्हणून, चेंडू आपल्याकडे ओढतात आणि त्यात त्यांचा दोष म्हणता येत नाही. ब्राउनली चेंडू देतो. दोन राखणदार अंगावर आले की तो मोकळ्या सोबत्याला शोधतो, आणि त्या सोबत्याची फेक चुकली तरी पुढच्या खेपेस पुन्हा त्यालाच देतो. मुदतीवर आलेल्या माणसाने असे करणे म्हणजे आपली भाकरी दुसऱ्याच्या हातावर ठेवणे होय. प्रशिक्षक टिम कोन हा स्वतः अमेरिकन, पण लहानपणापासून फिलिपाइन्समध्ये वाढलेला. त्याच्या हाताखाली हिनेब्राने ब्राउनलीसह २०१६ ते २०२३ या काळात सहा विजेतेपदे जिंकली. त्यांतल्या सहाव्याच्या निर्णायक सामन्यास, १५ जानेवारी २०२३ रोजी, ५४,५८९ प्रेक्षक हजर होते.

दुसऱ्याच दिवशी ब्राउनलीने फिलिपाइन्सच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. ते नागरिकत्व साध्या अर्जावर मिळालेले नाही; त्याच्या एकट्याच्या नावाने संसदेच्या दोन्ही सभागृहांत विधेयक मांडून, मंजूर करून, राष्ट्राध्यक्षांच्या स्वाक्षरीने कायदा करावा लागला. फिबाच्या नियमाप्रमाणे वयाच्या सोळाव्या वर्षानंतर नागरिक झालेला एकच खेळाडू राष्ट्रीय संघात चालतो, आणि ती जागा त्याला मिळाली.

१९५१ साली दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत बास्केटबॉलचे सुवर्णपदक फिलिपाइन्सने जिंकले, आणि १९६२ पर्यंतची पुढची तिन्हीही त्यांचीच. त्यानंतर एकसष्ट वर्षे सुवर्ण नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात हांगचौ येथे उपांत्य सामन्यात यजमान चीनने वीस गुणांची आघाडी घेतली होती; अखेरच्या मिनिटात ब्राउनलीच्या लागोपाठच्या दोन तीन-गुणी फेकींनी तो सामना ७७-७६ असा फिरविला, आणि दोन दिवसांनी जॉर्डनला हरवून सुवर्णपदक आले. त्याच स्पर्धेतील तपासणीत गांजाचा अंश आढळल्याने पुढे त्याच्यावर तीन महिन्यांची बंदी आली, हेही नोंदविणे भाग आहे. संघाचे पदक कायम राहिले, लोकांचे प्रेमही.

बाहेर गेलेल्यांचा देश

हे प्रेम कोठून येते? केवळ विजयातून म्हणावे तर जिंकून देणारे इम्पोर्ट पूर्वीही झाले. मला त्याचे उत्तर मैदानाबाहेर सापडले, असे वाटते. सुमारे एक कोटी फिलिपिनो देशाबाहेर राहतात. आखातात, हाँगकाँगात, इटलीत, जगभरच्या जहाजांवर. त्यांनी पाठविलेली रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळजवळ दहाव्या हिश्शाइतकी भरते. आपल्या कोकणातील गावे ज्या रीतीने मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर एकेकाळी जगली, त्या रीतीने येथे एक अख्खे राष्ट्र जगते. नाताळच्या आधी परदेशातून येणाऱ्या मोठाल्या खोक्यांत साबण, डबाबंद मांस, चॉकोलेट आणि मुलांचे बास्केटबॉलचे बूट भरलेले असतात. पीबीएने दुबईत सामने भरविले तेही या आपल्याच लोकांसाठी.

ज्या घरातली आई बारा वर्षे परक्याच्या मुलांना न्हाऊमाखू घालीत आहे, त्या घरातल्या माणसाला फोनच्या पडद्यावर आपल्या मुलीची चित्रे पाहणारा इम्पोर्ट परका वाटत नाही. वरच्या सज्ज्यातल्या एका वयस्क गृहस्थाने, जो स्वतः जेद्दाहला वीस वर्षे वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती करून परतला होता, मला समजावले की याला करार किती महिन्यांचा मिळाला हे आम्ही सर्वांआधी विचारतो. आणि माझ्या ध्यानात आले की गुणांची चौकशी त्याने त्यानंतर केली. वस्त्यांतून हिंडताना दर चौकात, चर्चच्या शेजारी, पत्र्याच्या छपराखाली, कधी नुसत्या माडाच्या खोडावर फळी ठोकून लावलेली बास्केट दिसते, आणि रबरी चपला घालून खेळणारी मुले दिसतात. अमेरिकन राजवटीत, वायएमसीएच्या आणि शाळांच्या मार्गाने, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हा खेळ तेथे रुजला. आपल्या नागपाड्यातही तो रुजला आणि आजही तेथे टिकून आहे. पण नागपाडा मुंबईतली एक वस्ती आहे. येथे सारा देश नागपाडा आहे.

आणि आता त्या चौकांतली मुले स्वतः इम्पोर्ट होऊ लागली आहेत. जपानच्या बी-लीगने २०२० साली आशियाई खेळाडूंसाठी एक जागा राखून ठेवली, आणि तिच्यावर प्रथम गेला तो थर्डी रावेना. पीबीएत स्थानिक खेळाडूचे मासिक वेतन कित्येक वर्षे ४,२०,००० पेसोंच्या कमाल मर्यादेत बांधलेले. जपानात त्याहून अधिक मिळते. बॉबी पार्क्सचा मुलगा, रे पार्क्स धाकटा, हाही नागोयाच्या संघात गेला. हाच मुलगा २०१५ साली अमेरिकेत टेक्सास लेजंड्स या संघात खेळत होता, आणि त्याच संघात तेव्हा पंजाबच्या बल्लो के गावचा सतनामसिंग होता, एनबीएच्या निवडीत नाव पुकारला गेलेला पहिला भारतीय. पुढे २०१८ मध्ये रे पार्क्स आणि ब्राउनली हे दोघे आलाब पिलिपिनास या संघातून एकत्र खेळून आग्नेय आशियातील अजिंक्यपद जिंकून आले. एक इम्पोर्टचा मुलगा म्हणून जन्मलेला स्थानिक, दुसरा स्थानिक होऊ घातलेला इम्पोर्ट.

नागरिक, तरीही इम्पोर्ट

एका बाबतीत मात्र कायदा अर्ध्यावर थांबला आहे. राष्ट्रीय संघात फिलिपाइन्सचा नागरिक म्हणून खेळणारा ब्राउनली पीबीएत आजही इम्पोर्टच आहे. ज्या स्पर्धेत परदेशी चालत नाही, तिच्यात तो नाही. त्याच्या क्लबाला तो हवा असला तरी एकमेव परदेशी मनुष्याच्या जागेवरच त्याला ठेवावे लागते, आणि त्याला त्या त्या स्पर्धेपुरतेच काम मिळते.

स्थानिक खेळाडूंची बाजू मी हलकी लेखत नाही. बारा संघ, आणि त्यांत मोजक्या जागा. श्रीमंत धन्याने परदेशी खेळाडूंना नागरिक करून त्या भराव्यात, ही भीती निराधार नाही. परंतु जेथे प्रत्येक नागरिकत्वामागे संसदेचा स्वतंत्र कायदा लागतो, तेथे अशांचा लोंढा येणे शक्य नाही. गेल्या पंधरा वर्षांत मार्कस डाउथिट, आंद्रे ब्लाच, आंज क्वामे आणि ब्राउनली अशी बास्केटबॉलसाठी मिळालेली नावे एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. तोडगाही दूर नाही. जपानच्या बी-लीगमध्ये प्रत्येक संघाला परदेशी खेळाडूंखेरीज एक जागा अशी असते, की जिच्यावर आशियाई खेळाडू किंवा जपानी नागरिक झालेला परदेशी यांपैकी एकास घेता येते. रावेना ज्या दाराने आत गेला तेच हे दार. फिलिपिनो खेळाडू ज्या नियमाचा परदेशात लाभ घेत आहेत, तो नियम पीबीएच्या नियामक मंडळाने आपल्या घरी करावा. ब्राउनलीचा जन्म १९८८ चा आहे, म्हणून हा नियम पुढच्या मोसमाआधीच करावा.